माझ्या नावाची कबड्डी

दोन हंगाम माझं नाव कबड्डी खेळलं आणि मी मैदानाबाहेर पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी राहिले. हे आज पहिल्यांदाच कागदावर उतरवते आहे. एरवी कुणी विचारलं तर "कॉलेजात असताना खेळायचे" एवढं बोलून मी गप्प बसते, आणि विचारणारे माझ्या जाडजूड पोटऱ्यांकडे पाहून मान डोलावतात. त्या पोटऱ्या मायच्या घराण्याकडून आलेल्या आहेत, कबड्डीशी त्यांचा काडीचा संबंध नाही. मी उभ्या आयुष्यात एकच चढाई केली आणि एकच पकड. दोन्ही एकाच दुपारी, विद्यापीठाच्या चौकशी समितीसमोर. त्या पकडीबद्दल मला सांगायचं आहे, पण ती कळायला आधी आमचं घर कळलं पाहिजे.

कॉलेजचं नाव मी सांगणार नाही. आता तिथं वेगळी माणसं आहेत आणि त्यांनी माझं काही घोडं मारलेलं नाही. भोकरदनहून जाफराबादकडे जाणाऱ्या रस्त्याला ते होतं आणि त्याच्या मैदानामागे आमच्या दोन पत्र्याच्या खोल्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथं मैदान सांभाळायचे. रोलर ओढणं, पाणी मारणं, खडे वेचणं, पांढऱ्या फक्कीनं रेषा आखणं, बारा वर्षं सगळं रोजंदारीवर. त्यांना कायम करण्याचा प्रस्ताव संस्थेच्या कुठल्यातरी कपाटात पडून होता, आणि दर दिवाळीला कुणीतरी "औंदा होतंय साळवे" म्हणून त्यांच्या पाठीवर थाप मारायचं. अण्णा ते घरी येऊन सांगायचे. माय कापसाच्या वेचणीवरून आलेली असायची, बोटं सोललेली, चुलीपुढं बसून भाकरी थापता थापता म्हणायची, "औंदा औंदा करता करता माझे दात पडतीन." अण्णा हसायचे. रागावणं त्यांना जमतच नव्हतं. पण रेषेच्या बाबतीत माणूस भलता कडक. दोरी लावून, गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून ते मध्यरेषा आखायचे आणि बोटभर वाकडी झाली तर पुसून परत आखायचे. त्यांना कबड्डीतलं सगळं कळायचं. पंच चुकला की ते मान खाली घालून फक्कीचा डबा उगाच हलवायचे, म्हणजे आम्हाला समजायचं.

त्या घरात माझं बालपण आवाजांत गेलं. पहाटे रोलरची कुरकुर, सकाळी पत्र्यावर चिमण्यांची टकटक, संध्याकाळी शिट्टी आणि पोरींच्या दमाचा तो एकसुरी घोष. खाणं म्हणाल तर ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, लसणाचा ठेचा, आणि रविवारी विहारातून वंदना करून आलं की वरण-भात. मी अभ्यासात बरी होते, अंगानं जड होते, आणि पळायला लागले की अण्णासुद्धा दुसरीकडं बघायचे. हे मी कौतुकानं सांगत नाही. पोरीला आपलं काय नाही ते फार लवकर कळतं.

मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला नाव घातलं त्याच आठवड्यात सोळुंके सर घरी आले. हे आमच्या कॉलेजचे क्रीडा शिक्षक. अंगानं बारीक, आवाजानं आडदांड. त्यांच्यामागे एक उंच, काटक मुलगी उभी होती, केसांत कापसाचे तंतू अडकलेले. परवीन तिचं नाव, केदारखेड्याची. तिचे अब्बा गाद्या भरायचे, पिंजायचं मशीन गाड्यावर घालून आठवडी बाजार करायचे. गावोगावच्या स्पर्धांत ही पोरगी चढाईला गेली की चार-पाच जणी लोळवून परत यायची म्हणे. पण बारावीला इंग्रजी दोनदा गेलेलं, त्यामुळे कॉलेजात प्रवेश नाही, आणि प्रवेश नाही म्हणून विद्यापीठाच्या स्पर्धेत खेळता येत नाही. सरांनी बशीत चहा ओतला आणि तोडगा सांगितला.

"साळवे, तुमच्या पोरीची अॅडमिशन झालीच हाय. नाव हिचं, खेळ तिचा. कोणाच्या बापाचं काय जातंय?"

अण्णा म्हणाले, "सर, पण हे नियमात बसंल का?"

"नियम मी बघतो. तुम्ही रेषा बघा," सर म्हणाले. मग जरा थांबून, "तुमच्या प्रस्तावावर माझी शिफारस लागती, साळवे. ध्यानात असू द्या."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. मायनंही नाही. माझं नाव देऊन टाकलं गेलं आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही, शेजारणीला विरजण द्यावं तसं. अर्जावर परवीनचा फोटो चिकटला, खाली माझं नाव, अण्णांचं नाव, आमचं आडनाव. हंगामभर ती आमच्याकडेच राहणार होती, म्हणजे कुणाला शंका नको. सरांनी जाता जाता मायला बजावलं, "हिला घरात पण प्रज्ञाच म्हणायचं. सवय लागली पाहिजे. नाहीतर मैदानावर हाक मारली आन् ही बघतच राह्यली तर झालं कल्याण!" मग माझं काय? मी पिंकी झाले. अठराव्या वर्षी. बारशाला ठेवलेलं नाव दोन खोल्यांत दुसऱ्याच पोरीच्या मागे मागे फिरायला लागलं.

दर पंधरवड्याला सर अंड्यांचा ट्रे पाठवायचे. तीस अंडी, मोजून प्रज्ञासाठी. पिंकीसाठी ठेचा होताच. संध्याकाळी सराव संपला की परवीन पाय पसरून बसायची आणि माय गरम तेल घेऊन तिच्या पोटऱ्या चोळायची. चोळता चोळता बोलायची, हसायची. माझ्याशी बोलायला मायला वेळ नसायचा, किंवा मला तसं वाटायचं. आज मी स्वतः आई आहे आणि मला कळतं की मायला ते काम सोपवलेलं होतं, ती ते चोख करत होती, एवढंच. पण तेव्हा मी भाकरीच्या टोपल्याआड बसून त्या तेलाच्या हाताकडे बघत राहायचे.

परवीन वाईट असती तर किती बरं झालं असतं. ती नव्हती. ती थट्टेखोर होती, मोठ्यानं हसायची, रोजे धरून सराव करायची आणि सोडताना आमच्याच टोपल्यातली भाकरी खायची. मला म्हणायची, "पिंके, तुझं नाव मी लय चमकवून राह्यले बघ. पहिलं कसं गंजेल होतं." अंडं सोललं की पांढरं ती खायची आणि पिवळं गुपचूप माझ्या ताटात सरकवायची. "मला वास येतो त्याचा, तू खा जल्दी, माय बघंल." तिला वास-बीस काही येत नव्हता. बाजारातून भुर्जी आणली तर ती कागद चाटून खायची. मी ते पिवळं खायचे आणि तिचा राग राग करायचे. उपकार करणाऱ्याचा जितका राग येतो तितका शत्रूचाही येत नाही, याचा अनुभव मी त्या घरात दोन वर्षं रोज संध्याकाळी घेतला.

तिला एकच वेड होतं, पोलीस भरती. खाकी वर्दीत केदारखेड्याच्या फाट्यावर उतरायचं आणि पायी गावात जायचं. "अब्बाच्या गाड्याला कोणी अडवलं ना मंग, बिलकुल न्हाई सोडायची," असं ती म्हणायची. मी एकदा मुद्दाम विचारलं, "पण सर्टिफिकेट तर माझ्या नावाचं हाय. तुला भरतीत काय कामाचं?" ती हळूच म्हणाली, "सर म्हणले इंग्रजी निघालं की मंग माझ्याच नावानं खेळायचं. तवर सराव होतो ना बराबर." तिचं तोंड उतरलेलं बघून मला जे वाटलं त्याला गोडच म्हणावं लागेल.

दुसऱ्या हंगामात आमचा संघ विद्यापीठात पहिला आला. अंतिम सामन्यात प्रज्ञा साळवेनं शेवटच्या चढाईत तिघींना बाद केलं आणि मैदानाबाहेर खरी प्रज्ञा साळवे बाटल्यांची पिशवी पोटाशी धरून उड्या मारत होती. हो, मीही मारल्या. अंगात येतंच तेव्हा.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. आमच्याकडे पोरगं दहावीला काठावर पास झालं तरी चौकात फ्लेक्स लागतो. बैल शर्यतीत पहिला आला तर बैलाचा लागतो, त्याच्याभोवती दहा पुढाऱ्यांची तोंडं. तेव्हा हा तर चषक होता. कॉलेजनं फाटकाबाहेर भला मोठा फ्लेक्स लावला, चषक हातात घेतलेली परवीन आणि खाली 'उत्कृष्ट चढाईपटू कु. प्रज्ञा साळवे'. चौथ्या दिवशी केदारखेड्याच्या पोरांनीही वर्गणी काढली आणि गावच्या फाट्यावर फ्लेक्स ठोकला, 'केदारखेड्याची शान, कु. परवीन'. छापणारा भोकरदनचा एकच. फोटो त्याच्या कॉम्प्युटरमध्ये होताच, त्यानं तोच टाकला. तीच जर्सी, तोच चषक, तेच हसू. गावाला कुणी सांगितलंच नव्हतं की त्यांची पोरगी चोरून खेळते आहे, आणि आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही की गाव गप्प बसणार नाही. सोळुंके सरांनी अर्ज, सह्या, शिक्के सगळं सांभाळलं होतं. फ्लेक्स मात्र राहून गेला.

अंतिम सामन्यात हरलेल्या संघाचे सर लग्नाला म्हणून जालन्याहून आमच्याकडे निघाले होते. एसटी केदारखेड्याच्या फाट्यावर थांबली, त्यांनी खिडकीतून एक फ्लेक्स पाहिला. पुढं आमच्या फाटकापाशी दुसरा पाहिला. लग्नाचं जेवण त्यांना गोड लागलं असणार. महिन्याभरात विद्यापीठाचं पत्र आलं, दोन्ही फ्लेक्सच्या फोटोंसकट. चौकशी समिती येणार. दोन्ही मुली हजर ठेवा. आरोप सिद्ध झाला तर अजिंक्यपद परत, तीन वर्षं कॉलेजला सगळ्या खेळांत बंदी, जबाबदार कर्मचाऱ्यांवर कारवाई.

सोळुंके सर पत्र घेऊन आमच्या घरी आले. या वेळी चहा नको म्हणाले. "जबाबदार कर्मचारी कोण, साळवे? अर्जावर पोरगी तुमची, सही तुमची. मी तर म्हणंल, मला फसवलं. बारा वर्षांची हाजिरी गेली म्हणून समजा." अण्णा उंबऱ्यात बसले होते. त्यांच्या हाताला फक्की लागलेली होती आणि ते ती अंगठ्यानं घासून काढत होते. मग सरांनी मार्ग सांगितला. विद्यापीठाकडचा अर्ज म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, त्यात फोटोच्या जागी नुसता काळा डाग. हरलेल्या संघाच्या साक्षीला कुणी विचारत नाही. कॉलेजच्या फ्लेक्सवर चुकीचा फोटो पडला असं छापणारा लिहून देईल, उद्या माझा फोटो घालून नवा लागेल. राहिला केदारखेड्याचा. तर परवीननं लिहून द्यायचं की मी खेळाडू नाही, साळव्यांकडे राहायला होते, सराव बघायचे, गंमत म्हणून प्रज्ञाची जर्सी घालून चषकासकट फोटो काढला, गावात खोटं सांगितलं. आणि मैदानावर खेळून दाखवा म्हणालेच तर तिनं हरायचं.

"बराबर हरायचं," सर म्हणाले. "नाटक दिसलं न्हाई पाहिजे."

परवीन म्हणाली, "आन् मंग माझं काय, सर?"

"कॉलेजवर बंदी आली तर पुढच्या वर्षी तू खेळणार कुठं, माझ्या अंगणात? बंदी टळली तर इंग्रजी काढ, तुझ्या नावानं खेळ, भरतीला जा. मी शब्द देतो."

तिनं मायकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं. अण्णांच्या तोंडाकडे पाहून ती म्हणाली, "देते लिहून." ती कुणासाठी तयार झाली ते मला तेव्हाच दिसलं होतं.

जबाब लिहून घ्यायचं काम माझ्याकडे आलं, माझं अक्षर आणि मराठी बरं म्हणून. सरांनी चार ओळी सांगितल्या होत्या. मी सांगत गेले, ती मांडीवर पाट घेऊन लिहीत गेली. 'मी खेळाडू नाही. मी कोणत्याही सामन्यात भाग घेतलेला नाही. जर्सी घालून फोटो गंमत म्हणून काढला. मी गावात खोटं सांगितलं.' तिथं पूर्णविराम होता. मी तो घालू दिला नाही. म्हटलं, "पुढं लिही. 'मला मान मिळावा आणि माझा फ्लेक्स लागावा म्हणून.'"

तिनं वर पाहिलं. "हे सरनं सांगितलं?"

"हो."

"हे नको ना गं. गावात अब्बाला..." तिनं वाक्य सोडून दिलं.

"सगळं खरं वाटायला पाहिजे का न्हाई?" मी म्हणाले. तिनं लिहिलं. ती ओळ सरांची नव्हती, माझी होती. माझ्या हातून तयार झालेलं पहिलं साहित्य म्हणायचं तर तेच.

समिती आली त्या दिवशी अण्णांनी मैदान असं काही केलं होतं की भाकरी टाकून खावी. तिघं आले, दोन पुरुष आणि एक मॅडम, पिकल्या केसांची, पायांत कापडी बूट. त्या एकेकाळी खेळत असाव्यात, कारण बाकीचे दोघं कागद बघत होते आणि त्या आमचे पाय बघत होत्या. आधी कॉलेजच्या एका खोलीत मला बोनस रेषा, निदान रेषा, बाद, जिवंत सगळं विचारलं. मी धडाधड सांगितलं. दोन वर्षं बघणंच तर केलं होतं. सरांचा चेहरा फुलला. मग मॅडम म्हणाल्या, "चला, मैदानावर जाऊ." त्यांनी मला एका बाजूला घातलं, परवीनला दुसऱ्या, उरलेल्या पोरी वाटून दिल्या आणि शिट्टी स्वतःच्या तोंडात धरली.

मी मध्यरेषा ओलांडली. तोंडातून 'कबड्डी' येईना, नुसता वारा येत होता. समोरच्या पोरी माझ्या दोन वर्षांच्या ओळखीच्या, त्यांना हसू आवरत नव्हतं आणि भीतीही वाटत होती. डाव्या कोपऱ्यात परवीन होती. ओठ न हलवता ती म्हणाली, "इकडं ये. हात लाव. पळ." तिनं पकडायला आल्यासारखा हात पुढं केला, मी त्याला बोट लावलं आणि पळाले. पोरी माझ्या अंगावर पडल्या, पण पडताना मला रेषेकडे ढकलतच पडल्या. एक गुण. सरांनी एकट्यानंच टाळ्या वाजवल्या. मॅडमनी टाळी वाजवली नाही. "आता त्या मुलीला चढाई करू द्या," त्या म्हणाल्या.

परवीननं ओढणी कमरेला बांधली. पहिली चार पावलं तिनं ठरवून जड टाकली. दम पुटपुटत, माझ्यासारखाच, अगदी माझी नक्कल. मग उजवीकडची एक पोरगी सवयीनं तिच्या पायावर झेपावली, आणि परवीननं काही ठरवायच्या आत तिचं अंग वळलं, पाय वरून निघून गेला, टाच त्या पोरीच्या खांद्याला लागली. एवढंसं. इतकं सुंदर की मॅडमच्या तोंडातली शिट्टी खाली आली. सर खोकले. अण्णा रेषेपाशी फक्कीचा डबा धरून उभे होते, ते हललेही नाहीत. खोकला ऐकून परवीन भानावर आली. ती सरळ माझ्या कोपऱ्यात चालत आली आणि बांगड्या भरायला कासारापुढं हात करावा तसा तिनं माझ्यापुढं उजवा पाय केला.

मी खाली बसले आणि दोन्ही हातांनी घोटा धरला. तिनं दम सोडला. शिट्टी झाली. ती मी ऐकली, हे इथं स्पष्ट लिहून ठेवते. तिनं बाद झाल्याचा हात वर केला होता तोही मला दिसला. आणि मी पाय सोडला नाही. उभी राहिले, पाय छातीशी ओढला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून फिरवला. तिच्या गुडघ्यातून आवाज आला, सुपारी फुटते एवढाच. त्या क्षणी मनात काय होतं ते मी पुढं शंभरदा तपासून पाहिलं आहे. अण्णांची नोकरी नव्हती. समिती नव्हती. तेलाचा तो हात होता, आणि ताटात सरकवलेलं पिवळं होतं.

मॅडम धावत आल्या, मातीत बसल्या. तिचा गुडघा बघता बघता सुजला. बाकी दोघं लांब होते. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "बाळ, खेळाडू तू आहेस ना? आत्ता खरं सांग. तुझ्यासाठी काय करता येईल ते मी करते." मी जवळच उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं. माझे हात अजून तिच्या घामानं ओले होते. परवीननं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं रेषेपाशी उभ्या असलेल्या अण्णांकडे पाहिलं.

"न्हाई मॅडम," ती म्हणाली. "मला खेळता येत न्हाई. येत असतं तर पाय असा सापडला असता का?"

मॅडम उठल्या, हात झटकले आणि कागदावर सही करायला गेल्या. पुरावा नाही, कॉलेजला ताकीद, प्रकरण मिटलं. समितीची गाडी परत जाताना केदारखेड्याला थांबली. फ्लेक्स का काढायचा ते गावाला कळावं म्हणून त्यांनी परवीनचा जबाब चावडीपुढं वाचून दाखवला, माझ्या ओळीसकट.

तिचं पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते. ऑक्टोबरच्या परीक्षेत तिचं इंग्रजी निघालं. सरांनी शब्द पाळला, प्रवेश दिला, तिच्या नावाचा अर्ज भरला. पण गुडघा अर्जावर चालत नव्हता. भरतीच्या धावण्यात ती दुसऱ्या वळणावर बसली म्हणे. मग चिखलीकडे कुठंतरी तिचं लग्न झालं. मला माझ्या प्रमाणपत्रावर, खेळाडूंच्या राखीव जागेतून, सरकारी नोकरी लागली. मी ती नाकारली नाही. पुष्कळ वर्षांनी जालन्यात, रेल्वे स्टेशनच्या जिन्यावर ती भेटली. एकेक पायरी, कठडा धरून चढत होती. तिनंच हाक मारली, पिंके म्हणून. "थंडीत गुडघा लय त्रास देतो गं. बाकी मजेत हाय." मी तिला मुलं किती विचारलं. तिनं सांगितलं. गाडी आली आणि मी निघून गेले.

तर त्या दिवशी अण्णांनी तिला जीपमध्ये घातलं, वाटेत दवाखान्यात पट्टी बांधून घेतली आणि केदारखेड्याला पोचवलं. दिवेलागणीला ते परत आले. मायनं ताटं वाढली होती, त्यांनी हात धुतले नाहीत. म्हणाले, "फ्लेक्स काढला पोरांनी. तिच्या बापानं मशीनवर झाकायला घेतला. तोंड आतल्या बाजूनं."  मग मला विचारलं, "तिनं दम सोडल्ता. शिट्टी झाल्ती. मंग तू पाय का सोडला न्हाई?"

मायचा भाकरीचा हात थांबला. मला खरं सांगता आलं असतं. त्या घरात मारलं कुणी नसतं. पण अण्णा माझ्याकडे बघत होते, दोरी लावून रेषेकडे बघावं तसे, एक डोळा बारीक करून, आणि मला ते बघणं सहन झालं नाही.

"तुमच्यासाठी," मी म्हणाले. "तुमची नोकरी जाऊ नये म्हणून."

अण्णांनी मान खाली घातली. थोड्या वेळानं उठून बाहेर गेले आणि मैदानाच्या कडेला जाऊन बसले. दोन महिन्यांनी ते कायम झाल्याचा आदेश आला. मायनं गोडधोड केलं. अण्णांनी कागद घडी करून खिशात घातला आणि घास न घेता उठले. पुढं प्रत्येक ईदेला ते केदारखेड्याला जायचे, परवीनच्या अब्बांपुढं हात जोडून उभे राहायचे आणि म्हणायचे, "माझ्या पोटापायी झालं, भाऊ." अब्बा त्यांना खुर्ची द्यायचे, ते बसायचे नाहीत. हे मला मायनं सांगितलं. अण्णा गेले तेव्हा ते सत्तरीच्या पुढं होते. शेवटची आठ वर्षं माझ्याकडेच राहिले. रोज संध्याकाळी आम्ही समोरासमोर बसून जेवायचो, आणि मी त्यांना भाजी हवी का एवढंच विचारत राहिले.